तिसऱ्या मजल्यावरचे लावे

आदरणीय थोरल्या वन्सं यांस,

शांघायहून धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. या दमट हवेत तुमचे गुडघे कसे आहेत, मोहरीचा पाला वाळत घातलात का, आणि ती एका डोळ्याची मांजर अजून तुमच्याच पायाशी निजते की शेजाऱ्यांकडे कायमची राहायला गेली, हे सगळं सविस्तर कळवा. आम्ही इथे मजेत आहोत, म्हणजे जिवंत आहोत. उकाडा असा की दुपारी बांबूच्या चटईवरून उठलं तर चटई पाठीला चिकटून स्वयंपाकघरापर्यंत सोबत येते. तुम्ही पाठवलेला वासाचा टोफू पोचला. (त्याच्या आधी त्याचा वास पोचला. पार्सलवाल्याने दार वाजवलंच नाही, खालच्या जिन्यातून ओरडला, "मावशी, तुमचं ते आलंय, खाली येऊन घ्या.") तुमच्या बंधुराजांनी डबा कुशीत घेतल्यासारखा सांभाळला आणि संपेपर्यंत मला झाकणालासुद्धा हात लावू दिला नाही. संपल्यावर मात्र म्हणाले, "ठीक होता. मीठ जरा जास्त." तेव्हा तो फार आवडला असं समजा.

तुम्ही म्हणाल, सूफनला आज पत्राची उबळ कुठून आली, फोन मोडला की काय. फोन धडधाकट आहे. पण तुम्ही तो कानाला उलटा लावता, आणि आमचं घर एवढंसं की मी इकडे बोलले की पलीकडच्या खोलीतून बंधुराज माझ्या प्रत्येक वाक्यात दुरुस्त्या सुचवतात. स्वतः येऊन चार शब्द बोलतील म्हणाल तर तेही नाही. आत्ता ते डुलकी काढताहेत, तेवढ्यात लिहून घेते. तक्रार आहे, आणि ती तुमच्या भावाविषयी आहे, तेव्हा ऐकून घेणं तुमच्याच वाट्याला येतं. तुमच्या घरचा माल आहे तो, मी फक्त वापरतेय.

तर यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही सरकारी चित्रालयात राहतो. राहतो म्हणजे झोपायला घरी येतो, पण आजच्यासारखा त्यांच्या सुटीचा वार सोडला तर नाश्ता झाला की निघायचं आणि दार बंद व्हायच्या वेळेला परतायचं. तिकीट नाही, ओळखपत्र दाखवलं की आत. आत गारवा असा की पहिल्या दिवशी मला स्वेटर आठवला. (घरी गार हवेचं यंत्र आहेच, पण ते लावलं की हे विजेच्या मीटरसमोर जाऊन उभे राहतात, आणि त्यांना तिथे बघून मलाच घाम येतो.) शिवाय उकळत्या पाण्याचा नळ फुकट, संडास आरशासारखे, आणि बाक. आमच्या गल्लीतली निम्मी म्हातारी माणसं तिथेच भेटतात. डोंगर-धबधब्याच्या मोठ्या चित्रासमोरचा बाक विणकाम करणाऱ्या बायकांचा. नदीवरच्या होड्यांसमोर मुलांची लग्नं जुळवणाऱ्या आया बसतात, फोनमधले फोटो एकमेकींना दाखवत. उघड्या बाईच्या तैलचित्रासमोरचा बाक तेवढा नेहमी रिकामा, कारण तिथे बसलेला म्हातारा लांबूनही ओळखू येतो. तळमजल्यावर शिक्क्यांचं टेबल आहे. चित्रालयाचे निरनिराळे शिक्के मांडून ठेवलेत, आपला आपण वहीवर उमटवून घ्यायचा. पोरांसाठी केलं असावं, पण पोरांना तिथे पोचू कोण देतं. आमची पिढी वही नसली तर रुमालावर, पंख्यावर, औषधाच्या पाकिटावर शिक्के मारून घेते. फुकट आहे ना. रोज तेच शिक्के, रोज तीच रांग. तुमचे बाबा असते तर त्या टेबलापासून हलले नसते असं माझ्या मनात रोज येतं, पण बंधुराजांपुढे बाबांचा विषय काढायची सोय नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

ज्या दिवसाची गोष्ट सांगायचीय त्या दिवशी दारातच माशी शिंकली. तिथे पाण्याची बाटली घेऊन गेलं की रखवालदारासमोर एक घोट पिऊन दाखवावा लागतो, आत भलतंसलतं काही नाही याची खात्री म्हणून. रोज आम्ही गार पाणी नेतो. त्या दिवशी बंधुराजांना चहाची लहर आली. थर्मास उघडला, रखवालदार म्हणाला, "आजोबा, एक घोट." आता कुणी शहाणा माणूस म्हणाला असता, बाबा रे, गरम आहे, जरा थांब. पण मागे रांग, सगळे बघताहेत, आणि हे मियाओ घराण्यातले. घेतला घोट. डोळ्यांतून पाणी, कान लाल, पण तोंडातून शब्द नाही. रखवालदाराने मान हलवली, "चालेल, जा." आत गेल्यावर किती तरी वेळ हे जीभ बाहेर काढून गार हवा खात फिरत होते, आणि एका परदेशी बाईने त्यांचा फोटो काढला.

या जिभेपायीच पुढचं सगळं झालं. एरवी आम्ही दुसऱ्या मजल्याच्या वर कधी जात नव्हतो. पण जीभ निवेपर्यंत बसायला बाक हवा, आणि त्या दिवशी होड्यांसमोर तीन लग्नं एकदम जुळत होती. म्हणून सरकत्या जिन्याने तिसऱ्या मजल्यावर गेलो. तिथे जुनी कागदावरची चित्रं, काचेच्या कपाटांत, दिवे मंद, माणूस नाही. मी मनात म्हटलं, इतके दिवस हा गारवा वायाच गेला. मी कपाटांवरून चष्मा फिरवत चालले होते, चित्रांकडे माझं फारसं लक्ष नव्हतं, जवळपास बाक कुठे ते बघत होते. आणि एकदम पायच उचलेना. राळ्याची कणसं वाकलेली, आणि त्यांच्याखाली लावे पक्षी. खाली कोपऱ्यात लाल शिक्का.

वन्सं, तुम्हाला लावे म्हटलं की काय होतं ते मला माहीत आहे. मीही या घरात लग्न होऊन आले तेव्हापासून तुमच्याच बाजूला बसून हसत आले. बाबा दारूच्या दुकानात गिऱ्हाइकांना ऊन ऊन तांदळाची दारू पाजता पाजता काय काय सांगत. बुद्धिबळात एका भिक्षूला असं हरवलं की त्याने मठ सोडून लग्न केलं. एक मासा त्यांच्या होडीमागे घरापर्यंत पोहत आला आणि त्यांनी दयेने परत पाठवला. त्यातलीच लाव्यांची गोष्ट. दुकानात पूर्वी पिढ्यान्पिढ्याचं एक चित्र होतं, राळ्याखाली दोन लावे, एक दाणा टिपतोय, दुसरा मान वर करून बघतोय. शांघायला चित्रालय निघालं तेव्हा बाबांनी ते गुंडाळून काखेत मारलं, होडीने आणि गाडीने तिकडे नेलं आणि देऊन टाकलं. पावती का घेतली नाही विचारलं की म्हणत, "दिलेल्या वस्तूची पावती मागितली तर उसनी दिल्यासारखं होतं." आणि खूण काय, तर खाली कोपऱ्यात त्यांचा शिक्का. अर्थात बाबांचा शिक्का कशावर नव्हता. जुने रसिक आवडत्या चित्रावर शिक्का मारत, बाबा पळीवर, छत्रीवर, शेजाऱ्याच्या शिडीवर मारत. तुम्ही जन्मलात तेव्हा तुमच्या कपाळावर मारला, आणि आईंनी तो संध्याकाळपर्यंत घासून काढला, असं आईंनीच मला सांगितलंय.

आणि बाबांनी तुम्हाला लावे दाखवायला शांघायला न्यायचं कबूल केलं होतं, हेही मला ठाऊक आहे. तुम्हाला नवे बूट घेतले, आणि ते बूट न जाताच लहान झाले. त्यानंतर तुम्ही बाबांच्या कुठल्याच गोष्टीवर विश्वास ठेवला नाहीत, यात मला नवल वाटत नाही. पण बाबांना पोचवून आल्यावरच्या टोफूच्या जेवणात, सगळी भाऊबंदकी पंगतीला असताना, तुम्ही जे म्हणालात, "आता लावेही त्यांच्यामागे उडाले असतील," त्यावर सगळी पंगत हसली, मीसुद्धा, आणि तुमच्या भावाने वाटी खाली ठेवली ती ठेवलीच. तिथून जे स्टेशनवर गेले ते परत तुमच्याकडे शाओशिंगला पाऊल नाही. तुम्हीही इकडे आला नाहीत. पार्सलं मात्र दोन्हीकडून बिनचूक चालू आहेत. इतकं न बोलता इतका टोफू कुठल्या भावंडांनी एकमेकांना पाठवला नसेल.

तर मी चित्रासमोर उभी राहून ओरडले. "म्हाताऱ्या, इकडे ये. बाबांचे लावे." हे जीभ आत घेऊन आले. चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. टोपी काढली. बराच वेळ बघत उभे राहिले, आणि ओठ हलत होते. मला वाटलं, बाबांशी बोलताहेत. मी आपली गप्प राहिले. (हो, मी. तुम्हाला पटणार नाही.) शेवटी म्हटलं, "हेच ना रे?" तर चित्र सोडून माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तुला काय वाटतं?" इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी मला काय वाटतं हे विचारायची ही पहिली वेळ. मी म्हटलं, "मला वाटतं, हेच." म्हणाले, "मग हेच असेल."

आता असेल म्हणून कसं चालेल? माझ्या अंगात वारं शिरलं. शिक्का जुळवायला हवा. पळी, छत्री, शिडी सगळं केव्हाच गेलं, तेव्हा शिक्का आधी उतरवून घ्यावा आणि मग पुढचं बघावं असं मी ठरवलं. फोनने फोटो काढला तर काचेत माझंच तोंड आलं. पिशवीत तांदळाच्या वड्यांचा पातळ कागद होता, त्यातून आरपार दिसतं. पेन्सिल नव्हती. लेकीने चौकातल्या नाचासाठी घेऊन दिलेली लिपस्टिक होती, ती लाल, शिक्काही लाल, मला ते योग्यच वाटलं. कागद काचेवर धरला, हे कागदाचे वरचे कोपरे धरून उभे राहिले, आणि मी खाली वाकून रेघा ओढायला लागले.

एवढ्यात मागून एक बाई, हातात पंखा, गळ्यात रेशमी रुमाल. "काय मिळतंय इथे?"

"काही नाही हो," मी म्हटलं.

"काही नाही म्हणणाऱ्या नेहमी पहिल्या असतात," ती म्हणाली, आणि जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "अहो, वर या. तिसऱ्या मजल्याचा शिक्का वेगळा आहे, खाली नाही तो."

वन्सं, आपल्या माणसांना रांग दिसली की आधी उभं राहायचं आणि मग विचारायचं, हे मी तुम्हाला काय सांगू. मी एक बाजू उतरवून मान वर केली तर मागे विणकामवाल्या आल्या होत्या, होड्यांसमोरच्या आया आल्या होत्या, जुळत आलेलं एक लग्नसुद्धा अर्धवट टाकून आलं होतं. रांग कपाटाला वळसा घालून दारापर्यंत. कुणी म्हणे याने संधिवाताला गुण येतो. कुणी म्हणे, उद्यापासून बंद होणार आहे, आजच घ्या. तुमच्या भावाला एकाने विचारलं, "दादा, वही लागते का?" तर हे म्हणाले, "आमच्याकडे वही नव्हती, आम्ही वडीचा कागद घेतला." झालं. मागच्या सगळ्यांनी आपापल्या पिशव्या उघडून वड्या खायला सुरुवात केली, कागद मोकळा व्हावा म्हणून. आत खायला बंदी आहे.

मग रखवालदार आला. मला वाटलं आता बाहेर काढतो. पण त्याने रांग बघितली आणि सवयीने सुरू झाला, "एका ओळीत, एका ओळीत. मध्ये घुसू नका. एकाने दोनदा घ्यायचा नाही." रांग सरळ करत करत तो अगदी माझ्यापर्यंत आला, आणि तिथे पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की रांग कशाची आहे हे त्यालाच ठाऊक नाही.

"आजी, टेबल कुठाय?"

"कसलं टेबल?"

"शिक्क्याचं."

"शिक्का चित्रात आहे. मी उतरवून घेतेय."

"कशाने?"

मी लिपस्टिक दाखवली. त्या दणकट पोराच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला बघून मी दचकले, माझा हात सरकला, कागद घसरला, आणि काचेवर लाल पट्टा उमटला. मी पटकन रुमालाने पुसायला गेले तर तो पसरला आणि सगळ्या राळ्याच्या शेतावर संध्याकाळ झाली. मागची रुमालवाली म्हणाली, "बघा, आता पुढच्यांना अस्पष्ट येणार."

मग आम्हाला ऑफिसात नेलं. तिथे ताओ नावाची चित्रं सांभाळणारी मुलगी होती, आपल्या लेकीएवढी, केस बांधलेले, आवाज मऊ. काच आहे, चित्राला काही झालेलं नाही, पुसून घेऊ, असं म्हणून तिने आम्हाला आधी चहा दिला. (बंधुराजांनी तो निवेपर्यंत हातात धरून ठेवला.) आम्ही असं का केलं ते तिने विचारलं. मी तोंड उघडणार, तर वन्सं, तुमचे बंधुराजच बोलायला लागले. ज्या माणसाने बाबा गेल्यापासून त्यांचं नाव काढलं नाही, तो सांगायला लागला. दुकान, उन्हाने तापलेली दारूची मडकी, भिक्षू, मासा, सगळं. बाबा मांडीवर हात मारत तसा हात मारून. आवाज चढवायचा तिथे चढवून आणि पाडायचा तिथे पाडून. रांगेतली माणसं आपला नंबर जाऊ नये म्हणून आमच्यामागे ऑफिसच्या दारापर्यंत आली होती, ती दारात उभी राहून ऐकत होती. रखवालदारही ऐकत होता. मासा परत पाठवला तिथे सगळे हसले, आणि ते हसणं बाबांच्या दुकानातलं होतं, टोफूच्या जेवणातलं नव्हतं. मला भरून आलं. मी खरंच सांगते, क्षणभर बाबाच बसलेत असं वाटलं.

ताओ म्हणाली, "आजोबा, तुमच्या गोष्टीत लावे दोन आहेत, आणि आमच्या चित्रात तर तीन."

हे जराही न अडखळता म्हणाले, "तिसरा मागाहून आला असेल. शांघायला सगळेच येतात."

दारातली सगळी गर्दी हसून लोळायची बाकी राहिली. मीही हसले. एवढ्या घाईत असलं उत्तर सुचायला बाबांचाच मुलगा पाहिजे. तशी मी नीट बघितलंय, तो तिसरा म्हणजे लावा कमी आणि दगड जास्त आहे, त्याला तोंड आहे एवढंच. ताओने बाबांचं नाव लिहून घेतलं, कागदपत्रं बघून सांगते म्हणाली, आणि आम्हाला सोडायला जिन्यापर्यंत आली. रखवालदाराने तेवढं सांगितलं, "आजी, उद्या येताना ते लाल घरी ठेवा."

तेव्हापासून आमचा मुक्काम तिसऱ्या मजल्यावर. तिथे बाक नाही, म्हणून ताओने एक खुर्ची ठेवली. एकच. त्यावरून आमची रोज भांडणं. हे घरून निघताना केस पाण्याने बसवतात, सासुरवाडीला निघाल्यासारखे. लोक येतात, गल्लीतले, शिक्क्याच्या रांगेतले, आणि विचारतात, हेच का ते तुमच्या सासऱ्यांचे? मी सांगते. हे बोलत नाहीत, नुसते "बाबा सांगायचे तसं" एवढं म्हणतात आणि मग गोष्ट सुरू करतात. मासा दर वेळी थोडा मोठा होतो. आणि घरी आल्यावर, वन्सं, भात वाढताना माझ्याशी बोलतात. आधी भात वाढताना कधी बोलत नव्हते. काल म्हणाले, "ताईला राळ्याची लापशी फार आवडायची." कुणी न विचारता.

तर अशी ही सगळी तक्रार. जीभ भाजून घेतली, मला पोलिसांत देण्याची वेळ आणली, खुर्ची बळकावली. तुमच्या भावाला चार शब्द सुनावा. मला स्वतःला काही नको. तुमच्या मांजरीला थोपटा, गुडघ्यांना आलं चोळा, दुपारी पाल्याजवळ उन्हात उभ्या राहू नका. थोरामोठ्यांना आमचा नमस्कार, आणि जे कुणी आमच्यावर हसतील त्यांना टोफू देऊ नका.

तुमची धाकटी भावजय,
सूफन

ता. क. काही नको म्हटलं, पण एक आहे. बाबांचा शिक्का वाटणीत तुमच्याकडे आला. नववर्षाला मी एकटी येऊन गेले तेव्हा तो लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर वजन म्हणून ठेवलेला बघितला होता. तो उचला, धुवा आणि घेऊन या. पार्सलने पाठवू नका, पार्सलवाल्यावर आमच्या पत्त्याची आधीच दहशत आहे. स्वतः या. बसायला ती खुर्ची मी तुम्हाला देववते.

आणखी एक ता. क. वरचं खोडलं असतं, पण कागद चांगला आहे. खरं सांगते. काल बाजारातून बाम मासा घेऊन येते असं सांगून मी एकटी ताओकडे गेले होते. तिने कागद बघितले होते. ते चित्र निंगबोच्या एका डॉक्टरांच्या घरातून आलं, त्यावरचे सगळे शिक्के त्याच घरातल्या माणसांचे. बाबांचं नाव कुठे नाही. मी म्हटलं, चूक असेल. तिने माझा हात धरला, तेव्हा मला कळलं की चूक नाही. पण ती म्हणाली, त्या काळी किती तरी माणसं गुंडाळी काखेत मारून येत आणि देऊन जात, सगळ्यांची नावं कुणी लिहून घेतली नाहीत. म्हणजे बाबांनी दिलं असेल, वन्सं. मला आता वाटतं, दिलंच. हे चित्र ते नव्हे एवढंच. ताओला मी गप्प राहायला सांगितलंय. यांना मी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही, कारण हा माणूस आता कुठे बोलायला लागलाय. तेव्हा शिक्का आणू नका, बरणीवरच राहू दे, हरवला म्हणा. पण तुम्ही या. चित्रासमोर भावाशेजारी उभ्या राहा आणि एकदाच म्हणा, हेच ते. तुम्ही म्हणालात की त्यांना पटेल, कारण तुम्ही बाबांसाठी कधी खोटं बोललेल्या नाहीत.

यांना उठवते आणि पत्र टपालात टाकायला पाठवते.

(पाकिटाच्या मागच्या बाजूला, वेगळ्या अक्षरात:)

ताई, पत्र उघडलेलं नाही, आत काय आहे मला माहीत नाही, माझीच चहाडी असणार. टपालपेटीपाशी उभा राहून लिहितोय. तिने शिक्का मागितला असेल तर आणू नकोस, घरी विसर. बाबांचे लावे दोन होते. हे तीन आहेत, मी पहिल्याच दिवशी मोजले. पण सूफनने बाबांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरं मानलंय, रोज लोकांना सांगते, तिचा चेहरा बघण्यासारखा असतो. ते माझ्याच्याने मोडवत नाही. तू ये. बाबांनी तुला न्यायचं कबूल केलं होतं ते राहिलं, मी नेतो. बूट सैल घाल, जिने फार आहेत. फक्त चित्रासमोर उभी राहिलीस की मोठ्याने मोजू नकोस.

योंगलिन